चिखलाचा पन्हाळा आणि चौथीचे पुस्तक

शाळकरी मुलाच्या दप्तरातून इतिहासाचे क्रमिक पुस्तक काढून त्यातला कोणताही पाठ उघडावा, तर आरंभी मजकूर, मध्ये एखादे चित्र किंवा नकाशा, त्यानंतर स्वाध्याय आणि सर्वांत शेवटी, पानाच्या तळाशी, ‘उपक्रम’ या मथळ्याखाली एक-दोन ओळी, असा क्रम बहुधा आढळतो. जवळचा किल्ला पाहा, जुनी नाणी जमवा, गावातल्या वृद्ध माणसांशी बोला, अशा धर्तीच्या त्या ओळी असतात. आणि परीक्षा तोंडावर आली, नेमलेला भाग पुरा व्हायचा राहिला, की पहिली कात्री लागते ती नेमकी त्यांनाच. ज्या ओळींनी पाठाला आरंभ व्हावा त्या तळाशी पडाव्यात आणि तेथूनही गळून जाव्यात, हे आपल्या इतिहास-शिक्षणातले मोठे वैगुण्य आहे असे माझे मत असून, कागलच्या गल्ल्यांत दिवाळीच्या अगोदरच्या दिवसांत कोपरापर्यंत चिखलाने माखलेल्या मुलांचे बोलणे ऐकता ऐकता ते मत बनले आणि वर्षागणिक दृढ होत गेले.

कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, पुण्याहून बंगळुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. दूधगंगा ओलांडली की कोगनोळीपासून कर्नाटकाची हद्द लागते. सहामाही परीक्षा उरकली, की येथील मुले दारापुढच्या मोकळ्या जागेत दगड, विटांचे तुकडे, फाटके गोणपाट आणि बैलगाडीतून किंवा डोक्यावरच्या पाटीतून आणलेली तांबडी माती यांचा ढीग घालतात, आणि पुढचे चार-सहा दिवस जेवणाखाणाची शुद्ध न ठेवता त्या ढिगातून एक किल्ला उभा करतात. बुरूज, तटबंदी, दरवाजे, तळे, एखादे भुयार, उतारावर पेरलेल्या हळिवाची दाट हिरवळ, कुंभाराकडून आणलेले मावळे, आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपती अशी त्याची मांडणी असते. महाराष्ट्रात गावोगाव हे किल्ले होतात, परंतु कोल्हापूरच्या मुलखात या खेळाला जे गांभीर्य आहे ते इतरत्र क्वचितच दिसेल, आणि त्याचे कारणही उघड आहे. पन्हाळा, विशाळगड, भुदरगड, रांगणा, सामानगड हे सारे किल्ले येथील मुलाला नकाशावरच्या टिंबांहून अधिक जवळचे आहेत. कोणाच्या आजोळचा रस्ता त्यांपैकी एकाच्या पायथ्याने जातो, कोणाच्या मामाचे शेत दुसऱ्याच्या छायेत असते.

आता चौथीतल्या मुलाने पन्हाळा करावयास घेतला आहे असे समजा. चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकविण्याचा आपल्या राज्याचा प्रघात आता कित्येक पिढ्यांचा झाला आहे, आणि त्यामुळे सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीदचे बलिदान आणि बाजीप्रभू देशपांड्यांनी अडविलेली खिंड हे प्रसंग या वयाच्या मुलाला तोंडपाठ असतात. परंतु तोंडपाठ असलेला मजकूर आणि हातातली माती यांची गाठ पडली, की मजकुरात जे प्रश्न दडून बसलेले असतात ते एकेक करून बाहेर येऊ लागतात. पन्हाळा दाखवायचा म्हणजे उंच टोकदार सुळका करून भागत नाही, कारण पन्हाळ्याचा माथा विस्तीर्ण पठाराचा आहे आणि त्याचा घेर सात किलोमीटरांहून अधिक भरतो. तो घेर ध्यानात आला, की मूल थबकते आणि विचारते, की एवढ्या मोठ्या गडाला वेढा घालायला माणसे तरी किती लागली असतील, आणि त्या माणसांनी मार्चपासून जुलैपर्यंत खाल्ले काय? पुस्तकातल्या ‘वेढा दिला’ या दोन शब्दांवरून शेकडो मुलांची दृष्टी घसरून जाते. गोणपाटावर माती थापणाऱ्या मुलाला मात्र त्या वेढ्याची चौकी न् चौकी कोठेतरी खडा ठेवून दाखवावी लागते, आणि खडे पुरत नाहीत तेव्हा वेढा ही केवढी अवघड, खर्चाची आणि चिकाटीची गोष्ट असते हे त्याला कोणी न सांगता कळते.

प्रश्न येथेच थांबत नाहीत. पन्हाळ्यावरच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची तीन कोठारे आहेत, आणि त्यांतल्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. वीस मणांची एक खंडी या जुन्या हिशेबाने ते पाच लाख मण झाले. हा गुणाकार मुलाने स्वतः केला, की त्याच्या मुखातून अपरिहार्यपणे जो प्रश्न निघतो तो मी कागलात एकाहून अधिक वेळा ऐकला आहे: इतके धान्य मावणारा गड हाती असताना महाराज त्या पावसात, रात्रीच्या अंधारात बाहेर पडले कशासाठी? मोठमोठ्या अभ्यासकांनी ज्या प्रश्नाचा ऊहापोह केला तोच हा प्रश्न एका दहा वर्षांच्या बालकाने चिखलात बसून विचारावा, याहून इतिहासाच्या शिक्षकाला दुसरे कोणते भाग्य हवे?

आणि या क्षणी पुस्तकाचे खरे कार्य सुरू होते, कारण या प्रश्नाचे उत्तर मातीत सापडत नाही. कोठारात किती मावे हे कळले म्हणजे त्या वर्षी त्यात किती होते हे कळले असे होत नाही, कारण अफझलखानाच्या वधानंतर, १६५९ च्या नोव्हेंबरात, पन्हाळा स्वराज्यात आला होता आणि वेढा पडेपर्यंत त्याची बेगमी करण्यास पुरते चार महिनेही मिळाले नव्हते. शिवाय राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज जौहरच्या मदतीस तोफा घेऊन आला होता; वेढा बाहेरून फोडण्याचा नेताजी पालकराचा प्रयत्न निष्फळ झाला होता; आणि याहूनही निकडीची गोष्ट अशी, की तिकडे शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला होता आणि चाकणच्या किल्ल्याला मोगली सैन्याचा विळखा पडून फिरंगोजी नरसाळा आत झुंजत होता. राजा एका गडात कोंडलेला असताना मुलूख दोन शत्रूंच्या जबड्यात सापडला होता; तेव्हा १२ जुलै १६६० च्या रात्रीचे ते निर्गमन समजावयाचे असेल तर पन्हाळ्याच्या तटावरून दृष्टी उचलून ती पुण्याकडे न्यावी लागते. हे दूरचे दर्शन ग्रंथच घडवितात. मात्र ज्याच्या मनात प्रश्न आधी उठला आहे तोच त्या पानावर अडखळतो, पुन्हा वाचतो आणि उत्तर मिळाल्याचा आनंद भोगतो. ज्याला प्रश्न पडलेलाच नाही त्याला तीच पाने सनावळीचे ओझे वाटतात, आणि त्यात त्या बालकाचा काडीइतकाही दोष नसतो.

विशाळगडाच्या वाटेचेही असेच आहे. पुस्तकात ती वाट एका वाक्यात संपते, परंतु आषाढातल्या पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंतची मोहीम पायी करणारी तरुण मंडळी कोल्हापूर भागात दरवर्षी निघतात, आणि घरातला थोरला भाऊ त्या मोहिमेहून परत आला, त्याच्या पिंढऱ्यांना जळवा लागलेल्या आणि तळव्यांना फोड आलेले धाकट्याने पाहिले, म्हणजे बाजीप्रभूंच्या सोबतीची माणसे रात्रभर चिखल तुडवून आल्यावर, दमलेल्या पायांवर उभी राहून लढली, हे विधान त्या घरात पुन्हा कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

हाताने शिकण्याची इतकी महती गायल्यावर त्याचा दुसरा पक्षही मांडला पाहिजे, कारण हात फसवितोही. चिखलाच्या पन्हाळ्यावर मुले महाराजांना सिंहासनावर बसवितात, आणि राज्याभिषेक तर चौदा वर्षांनी, १६७४ साली, रायगडावर झाला. गडाच्या उतारावर ती आजच्या पद्धतीची घाटवळणे काढतात. तीन दरवाजा, अंधारबाव आणि अंबरखाना या वास्तू एकाच माणसाने एकाच काळी बांधल्या असाव्यात असा त्यांचा समज होतो, आणि या गडाची उभारणी बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळी झाली व पुढे यादव, बहामनी, आदिलशाही अशा अनेक सत्तांचा हात त्यावरून फिरला हे त्यांना ठाऊक नसते. काळाचे थर माती थापून दिसत नाहीत. ते दाखविण्यासाठी शिलालेख वाचणारा, ग्रंथ लिहिणारा आणि तो पोरांना समजेल अशा भाषेत सांगणारा शिक्षक लागतो. नुसत्या उपक्रमांवर इतिहास सोपवावा असे म्हणणाऱ्यांशी माझे म्हणूनच जमत नाही. किल्ला झाला, छायाचित्र निघाले, स्पर्धेत क्रमांक आला आणि पुस्तक मिटलेलेच राहिले, तर त्या सगळ्या खटाटोपातून बालकाच्या पदरी कारागिरी पडते, इतिहास पडत नाही.

या दोहोंचा मेळ कसा बसतो याचे एक सुंदर उदाहरण अमेरिकेतल्या जॉन ड्यूई या तत्त्ववेत्त्याने नोंदवून ठेवले आहे. १८९६ साली शिकागो विद्यापीठात त्याने एक प्रायोगिक शाळा काढली आणि तेथे मुलांच्या हाती कच्ची लोकर व कच्चा कापूस दिला. अर्धा तास खपून एका गटातल्या मुलांनी कापसाच्या बोंडातून सरकी वेगळी केली तेव्हा निघालेला कापूस अडीच तोळेसुद्धा भरेना. आणि मग लोकरीची वस्त्रे आपल्या पूर्वजांत आधी का रुळली व सुती कापडाचा धंदा मागून का वाढला, याचे कारण त्या वर्गाला उमगले. कागलच्या शिक्षकाला असला प्रयोग करण्यासाठी शिकागोकडे पाहण्याची गरज नाही, कारण या पंचक्रोशीत धनगरांचे वाडे आहेत, मेंढ्यांची लोकर कातरली जाते, आणि घोंगडी विणणारे हात अजून पुरते थांबलेले नाहीत. एक घोंगडे अंगावर येईपर्यंत त्यात किती जणांचे किती दिवस गेले याचा हिशेब वर्गातल्या मुलांनी त्या विणकराशेजारी बसून मांडावा, आणि मग पावसाळी मोहिमेवरच्या हजारो शिपायांच्या पांघरुणाचा पाठ वाचावा. राज्यकारभार म्हणजे काय हे त्यांना लढायांच्या वर्णनापेक्षा अधिक खोलवर समजेल.

कागलच्या मातीला तर शिकणाऱ्या मुलांची मोठी परंपरा आहे. १७८४ साली याच गावात घाटग्यांच्या घराण्यात एक कन्या जन्मली, घोड्यावर मांड ठोकण्यात तिने नाव मिळविले, दौलतराव शिंद्यांशी तिचा विवाह झाला, आणि १८२७ पासून १८३३ पर्यंत ग्वाल्हेरच्या दौलतीचा कारभार तिने चालविला. काशीस ज्ञानवापीच्या विहिरीभोवतालचा मंडप तिचाच. ती बायजाबाई शिंदे. तिच्यामागून नव्वद वर्षांनी, २६ जून १८७४ रोजी, कागलच्या जहागीरदारांच्या घराण्यात, जयसिंगराव घाटग्यांच्या पोटी, यशवंतराव हा पुत्र झाला. १८८४ साली तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू छत्रपती या नावाने पुढे अवघ्या महाराष्ट्राला ललामभूत ठरला. या राजपुत्राचे शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडास फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली झाले. तेथे इतिहासाच्या नि राज्यकारभाराच्या पाठांना देशाटनाची जोड दिलेली होती, आणि उत्तर हिंदुस्थान, दक्षिण हिंदुस्थान व सिलोन येथील नगरे, देवालये, बंदरे त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. २ एप्रिल १८९४ रोजी अधिकारसूत्रे हाती घेणाऱ्या या तरुणाने पुढे रयतेत मिसळून, खेड्यापाड्यांतून हिंडून राज्य समजून घेतले आणि १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. जे शिक्षण त्याला राजपुत्र म्हणून लाभले त्याची पहिली पायरी तरी संस्थानातल्या प्रत्येक मुलाच्या पायाखाली असावी, अशी ती बुद्धी होती.

आणि तरीही हात आणि पुस्तक यांचा विचार कागलात बसून करताना मला शाहू महाराजांहूनही आनंद यादवांची आठवण अधिक तीव्रतेने होते. ३० नोव्हेंबर १९३५ रोजी याच गावात जन्मलेल्या या लेखकाने ‘झोंबी’ या आत्मचरित्रात स्वतःच्या बालपणाची जी कहाणी सांगितली, आणि जिला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ती हाताने शिकण्याचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचली पाहिजे. तेथे हाताला कामाची उणीव नव्हती. मळा होता, मोट होती, उसाला पाणी पाजणे होते, जनावरांमागे फिरणे होते, आणि उणीव होती ती पुस्तकाची. बापाने शाळेतून काढलेला मुलगा, त्याची आई आणि गावातले वजनदार दत्ताजीराव यांनी मिळून त्या बापाचे मन कसे वळविले, हा प्रसंग आता हिंदी अनुवादातून बारावीच्या ‘वितान’ या पाठ्यपुस्तकातही गेला असून, ज्यांनी कागल कधी पाहिले नाही अशी मुलेही तो वाचतात. लादलेले श्रम आणि शिक्षणातले श्रम यांत केवढे अंतर आहे हे त्या कहाणीतून कळते. मोट हाकणाऱ्या मुलाला मोटेचे शिक्षण देण्याचे प्रयोजन नाही. त्याला हवी असते ती मोटेपलीकडच्या जगाची वार्ता.

त्याच पुस्तकात सौंदलगेकर नावाचे मराठीचे मास्तर येतात. कविता शिकविताना ते ती गाऊन, हावभाव करून शिकवीत, आणि तो मुलगा वर्गात ऐकलेली कविता मळ्यात पाणी पाजताना एकटाच मोठ्याने म्हणत असे. मास्तरांनी आपल्याच दारातल्या मालतीच्या वेलावर केलेली कविता त्याने पाहिली, आणि कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, आपल्या भोवतालच्या गोष्टींवरही कविता होऊ शकते, हा साक्षात्कार त्याला झाला. इतिहासाच्या शिक्षकाने या प्रसंगाचे मनन करावे. बायजाबाई आणि यशवंतराव ही पुस्तकातली नावे आपल्याच गावातल्या घराण्याची आहेत, आपण ज्या जयसिंगराव तलावाच्या काठी खेळतो त्याच्या नावामागे एक खराखुरा माणूस उभा आहे, असे ज्या दिवशी कागलच्या मुलाला जाणवते त्या दिवशी इतिहास घडविणारी माणसे त्याच्या दृष्टीने दूरच्या, चित्रातल्या मूर्ती राहत नाहीत.

श्रम आणि विद्या यांची सांगड घालण्याचे प्रयत्न आपल्याकडे कमी झाले असेही नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार मांडला. त्याच विचाराच्या जवळपास जाणारे मौनी विद्यापीठ कागलपासून फारसे दूर नसलेल्या गारगोटीस जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने उभे राहिले. आणि कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढून, मुलाच्या कुतूहलापासून शिकवणे सुरू करता येते हे सामान्य घरांतल्या मुलांच्या शाळेत करून दाखविले. या प्रयोगांची कीर्ती पुष्कळ झाली, परंतु त्यांचे लोण सरसकट शाळांपर्यंत पोहोचले नाही, याची खंत वाटते.

कागलच्या शाळांना मी एक साधी गोष्ट सुचवीन. पुढच्या सहामाहीत एका पाठापुरता तरी क्रम उलटा करून पाहावा, ‘उपक्रम’ आधी घ्यावा आणि मजकूर मागून वाचावा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. मोडी लिपीचेच पाहा: बोरू आणि शाई मुलांच्या हाती द्यावी, कागदावर आडवी शिरोरेषा आधी ओढून घेण्याची जुन्या कारकुनांची रीत दाखवावी, आणि हात शक्य तितका न उचलता एक ओळ लिहावयास सांगावी. चार अक्षरांतच मुलांना उमगते, की ही लिपी वेगासाठी आहे, दौलतीच्या दप्तरात ढिगांनी येणारे हुकूम, जमाखर्च आणि कैफियती उरकण्यासाठी आहे. आणि मग ‘कारभार’ या शब्दात किती माणसांची मनगटे खपली याचा विचार त्यांच्या मनात येतो. त्यानंतर एखादे दिवशी त्याच मुलांना कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात न्यावे, ब्रह्मपुरीस सापडलेली पॉसिडॉनची चिमुकली कांस्यमूर्ती दाखवावी, आणि पंचगंगेच्या काठी हा परदेशी समुद्रदेव आला कोठून, एवढाच प्रश्न विचारून गप्प बसावे. उत्तर शोधायला ती आपण होऊन पुस्तकाकडे वळतील.

शेवटची विनंती कागलच्या आणि एकंदर या मुलखातल्या घरांना आहे. येथील कित्येक जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, फडताळांत, ट्रंकांत वतनाच्या, इनामाच्या, वाटणीच्या मोडी कागदांची बाडे अजून पडून आहेत आणि वाळवी ती दरवर्षी थोडथोडी नाहीशी करीत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी असल्याच कागदांसाठी दारोदार पायपीट केली, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड काढले, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन होण्यास कारण झाले. तुमच्या घरी असे बाड असेल तर ते रद्दीत घालू नका. घरातल्या मुलाला सोबत घेऊन ते हलक्या हाताने उघडा, धूळ झाडा, तारीख आणि नावे जेवढी लागतील तेवढी त्याच्याकडून वहीत उतरवून घ्या, आणि मग त्याच्यासह कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात किंवा मोडीच्या एखाद्या जाणकाराकडे जाऊन ते वाचवून घ्या.